पळसनाथाचं शिखर जवळ आणताना

पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर गेलं की भिगवण येतं. उजनीच्या जलाशयात तिथे हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि काठावर कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते. आम्ही मार्चमध्ये गेलो. सासूबाईंना मात्र पक्ष्यांचं कौतुक नव्हतं. त्यांचं माहेर थोडं पुढे, पळसदेवला. धरण झालं आणि जुनं गाव भीमेच्या पाण्यात गेलं. पाणी उतरू लागलं की पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर डोकं वर काढतं. “त्याचा एक फोटो काढून दे गं,” एवढंच त्यांचं मागणं. गुडघ्यांमुळे होडीत चढणं त्यांना जमणारं नव्हतं, तेव्हा काठावरूनच काय ते.

आमची लेन्स ३०० मिलीमीटरची, एफ ४ ची. मोठ्या लेन्सच्या किमती ऐकून आम्ही दुकानातून मुकाट बाहेर आलो होतो. मग मी शिकवणीच्या साठवलेल्या पैशातून दोन पटीचा टेलिकन्व्हर्टर घेतला. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचं हे भिंगांचं छोटं नळकांडं. ३०० चे ६०० होतात! मला वाटलं, स्वस्तात काम झालं.

पण चौघांचं वरण सोळाजणांना वाढायचं म्हणजे ते पातळ होणारच. चित्र दुप्पट मोठं झालं की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो; एफ ४ चं एफ ८ होतं. पहाटे होडीतून रोहित उडाले तेव्हा एक हजारांश सेकंदाचं काम अडीचशेअंशावर आलं. पंख पुसट, हात हलला तोही दुप्पट दिसला, आणि फोकस तर सापडता सापडेना. शिवाय लेन्सचे मूळचे दोषही मोठे होतात ते वेगळंच. १.४ पटीचा घेतला असता तर उजेड निम्माच गेला असता, ४२० मिलीमीटर मिळाले असते. आणि हो, प्रत्येक कन्व्हर्टर प्रत्येक लेन्सला बसत नाही. घेण्याआधी आपली लेन्स दाखवून विचारा.

पळसदेवला पोचेपर्यंत दुपार झाली. तापल्या तव्यावर हवा थरथरावी तसं पाण्यावर शिखर थरथरत होतं. फोटो बघून आई म्हणाल्या, “हे वितळलंय का गं?” मला रडूच आलं. हे म्हणाले, निघू या. पण आई झाडाखाली बसून राहिल्या, डबा सोडला, आणि आम्हीही बसलो.

ऊन कललं, हवा शांत झाली. गाडीच्या टपावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली. भोक एक पायरी लहान करून एफ ११ केलं, फोकस हाताने लावला, आणि बटणाला पुन्हा हात लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. देऊळ काही उडून जात नाही, त्याला कमी उजेड चालतो! उडत्या पक्ष्यांसाठी मात्र मी आता कन्व्हर्टर काढूनच ठेवते आणि फोटो नंतर कापून घेते.

या वेळी दगडांचे सांधेसुद्धा दिसले. कळसाशी एक पाणकावळा पंख वाळवत बसलेला. आईंनी कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. शिखराकडे त्यांनी क्षणभरच पाहिलं. मग डावीकडच्या नुसत्या पाण्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथं आमचा उंबरा होता.”

तोच फोटो मोठा करून घेतला, डावीकडचं पाणी न कापता.