बाकीच्यांची नावं काय?

मुलांनो,

एखादी भयंकर बातमी आली की घरात काय होतं, जरा आठवून बघा. टीव्हीचा आवाज मोठा होतो. आई हातातलं काम टाकून बाहेर येते. बाबा कुणाला तरी फोन लावतात. मग सगळे बोलायला लागतात. कुणी हळहळतं, कुणी चिडतं, कुणी ‘हे असंच व्हायचं होतं’ म्हणतं. बॉम्ब कुठे फुटला, किती माणसं गेली, हे वर्तमानपत्र सांगतं. पण त्यानंतर बाकीची माणसं कशी वागली, हे आपल्यालाच डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. आज मी तुम्हाला अशाच एका दिवसाची आणि त्याच्यानंतरच्या काही दिवसांची हकीगत सांगणार आहे.

दिवस होता गुरुवार, २६ ऑगस्ट २०२१. ठिकाण काबूल, अफगाणिस्तानची राजधानी.

हा देश तुम्हाला अगदीच अनोळखी नाही. पानिपतच्या धड्यात तिथला अब्दाली भेटतो, रवींद्रनाथांच्या गोष्टीत तिथला काबुलीवाला भेटतो, आणि दिवाळीत सुक्या मेव्याच्या डब्यात तिथले अंजीर-जर्दाळूही भेटतात. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेवर मोठा दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर अमेरिकेचं सैन्य अफगाणिस्तानात उतरलं आणि तिथे तब्बल २० वर्षं राहिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये कतारमधल्या दोहा शहरात अमेरिका आणि तालिबान यांचा करार झाला आणि सैन्यानं परत जायचं ठरलं. पुढे ३१ ऑगस्ट २०२१ ही शेवटची तारीख पक्की झाली. पण सैन्य पुरतं निघायच्या आतच, १५ ऑगस्टला, तालिबाननं काबूल ताब्यात घेतलं. आपल्याकडे त्या दिवशी सकाळी झेंडावंदन चाललं होतं.

तुम्ही कधी घर बदललं आहे का? सामान हलवायच्या दिवशी दार सताड उघडं असतं, अर्धं सामान आत, अर्धं रस्त्यावर, आणि कोण येतंय, कोण जातंय, इकडे कुणाचंच लक्ष नसतं. सैन्य माघारी जातं तेव्हा एका अख्ख्या देशाची तशी अवस्था होते. दोन आठवड्यांत १ लाख २० हजारांहून जास्त माणसं विमानांनी काबूलबाहेर काढली गेली. आपल्या सरकारनंही ‘ऑपरेशन देवी शक्ती’ राबवून भारतीयांना आणि काही अफगाण नागरिकांना आणलं. हवाई दलाचं विमान दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरतानाची चित्रं तुमच्या आईबाबांना आठवत असतील.

विमानतळाच्या एका दाराचं नाव होतं ॲबी गेट. दाराबाहेर एक सांडपाण्याचा नाला होता. त्या घाण पाण्यात उभी राहून माणसं हातातले कागद उंच धरून सैनिकांना हाका मारत होती. ‘इथे हल्ला होण्याची भीती आहे, दूर राहा’ असा इशारा परदेशी सरकारांनी आधीच दिला होता. तरी माणसं हटली नाहीत. का हटली नाहीत? पाच दिवसांनी ते दार कायमचं बंद होणार होतं, म्हणून. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्या गर्दीत एका माणसानं अंगावर बांधलेला बॉम्ब उडवला. अमेरिकेचे १३ सैनिक आणि सुमारे १७० अफगाण नागरिक मृत्युमुखी पडले. ‘इस्लामिक स्टेट’च्या खोरासान शाखेनं हा हल्ला आपण केल्याचं जाहीर केलं. ही संघटना अमेरिकेची वैरी आहे, तशीच तालिबानचीही.

आता पुण्यात येऊ या. तुम्ही म्हणाल, काबूल कुठे आणि पुणे कुठे! पण पुण्यात गेली कित्येक वर्षं अफगाण विद्यार्थी शिकायला येतात. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिघं जण भाड्यानं राहत होते. हिंदी सिनेमे बघून बघून त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं झालेलं. मला ‘आंटी’ म्हणायचे. करोनामुळे कॉलेज बंद, त्यामुळे सकाळी माझ्याकडे पेपर वाचायला यायचे.

त्या संध्याकाळी तिघांतला सगळ्यात धाकटा जिन्यात बसला होता. घरात मोबाइलला रेंज नीट मिळत नसे, म्हणून. त्याची बहीण नवरा आणि लेकराला घेऊन दोन दिवसांपूर्वी त्याच दाराशी जाऊन आली होती. लेकराला ताप भरला म्हणून परत घरी गेली होती. ती आज पुन्हा तिथे गेली का, हे त्याला कळत नव्हतं. रात्री नऊनंतर फोन लागला. ती घरीच होती. तो हसला नाही, रडलाही नाही. ‘आंटी, पानी मिलेगा?’ एवढंच म्हणाला.

त्याच रात्री इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर दुसराच फोन वाजत होता म्हणा ना! ‘ही मुलं नक्की कोण आहेत?’, ‘आपल्या इथे हवीतच कशाला?’, ‘घरमालकाला सांगून खोली रिकामी करून घ्या.’ एरवी ही माणसं वाईट नव्हती, बरं का. करोनात याच लोकांनी एकमेकांच्या दारात डबे पोचवले होते. पण माणूस घाबरला की त्याला राग येतो, आणि राग आला की तो कुणावर काढायचा याचा शोध सुरू होतो. बॉम्ब उडवणारा तर मेलेला. त्याला पाठवणारे हजारो कोस दूर. हाताशी कोण, तर तिसऱ्या मजल्यावरची तीन पोरं! ज्यांच्या घरचे त्या बॉम्बच्या वाटेत उभे होते, तीच नेमकी संशयित ठरली. खोली काही रिकामी झाली नाही. पण खाली क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना ‘त्यांच्यात मिसळू नका’ अशी ताकीद मात्र मिळाली.

इकडे अमेरिका शोकात बुडाली होती. सरकारी इमारतींवरचे झेंडे अर्ध्यावर उतरवले गेले. गावोगावच्या खाणावळींत एकेक टेबल रिकामं राखून त्यावर १३ भरलेले ग्लास ठेवले गेले; त्या टेबलावर कुणी बसायचं नाही. शवपेट्या गावी आल्या तेव्हा लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन उभे राहिले. त्या १३ जणांपैकी पाच तर अवघ्या २० वर्षांचे होते. म्हणजे हे युद्ध सुरू झालं तेव्हा ते पाळण्यात होते! एका तरुण महिला सार्जंटचा फोटो जगभर पाहिला गेला. हल्ल्याच्या काही दिवस आधी, विमानतळावरच्या गोंधळात, एक तान्हं अफगाण बाळ तिनं कडेवर घेतलं होतं. काही आईवडील आपल्याच सरकारवर संतापले होते. माघार इतकी घाईघाईनं का, आमच्या मुलांना त्या दाराशी का उभं केलं, असं ते विचारत होते. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं या १३ जणांना मरणोत्तर सुवर्णपदक दिलं.

हे सगळं योग्यच होतं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं, चेहरा आठवावा, ही माणुसकीच आहे.

पण आमच्या इमारतीत एक आठवीतली मुलगी आहे. तिची शाळा तेव्हा मोबाइलवरच भरत होती, म्हणून दुपारी ती माझ्याकडे वही घेऊन येई. एके दिवशी तिनं पेपरमधले ते १३ फोटो मोजले, खालची नावं वाचली आणि विचारलं, ‘आजी, बाकीच्यांची नावं काय?’

मी पेपर उलटसुलट करून पाहिला. बाकीच्यांसाठी एकच शब्द होता: ‘सुमारे’. सुमारे १७०.

तेवढ्यात वरचा तो धाकटा मुलगा पेपर घ्यायला आला. तिनं त्यालाही तोच प्रश्न केला. तो म्हणाला, ‘मुझे चार मालूम हैं.’ त्याच्या वर्गमित्राचा भाऊ, गल्लीतलं एक नवराबायकोचं जोडपं आणि एक दुकानदार. तिनं वही पुढे केली. त्यानं वही उलटी धरली, शेवटच्या पानावर उजवीकडून डावीकडे, त्याच्या लिपीत चार नावं लिहिली. मग त्याला विचारून विचारून तिनं खाली तीच नावं देवनागरीत लिहून घेतली. मिसळू नका ही ताकीद तिलाही होतीच. पण त्या क्षणी ती तिच्या लक्षात राहिली नाही, आणि मीही तिला आठवण करून दिली नाही!

आता याच गोष्टीचा पुढचा भाग ऐका. हल्ल्याच्या रात्रीच अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं होतं की आम्ही हे विसरणार नाही, हल्लेखोरांना हुडकून काढू. साऱ्या देशात संताप होता, आणि दुसरा हल्ला होईल अशी धास्तीही होती. तीन दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमेरिकी सैन्यानं काबूलमध्ये एका पांढऱ्या मोटारीवर ड्रोनमधून क्षेपणास्त्र सोडलं. मोटारीत बॉम्ब आहेत असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ती मोटार एका अमेरिकी मदतसंस्थेत काम करणाऱ्या अफगाण माणसाची होती. भुकेल्या लोकांना अन्न पोचवणं हे त्या संस्थेचं काम. घरी पाणी येत नव्हतं, म्हणून त्या दिवशी त्यानं कचेरीतून कॅन भरून घेतले होते. मोटार अंगणात शिरली तशी घरातली पोरं तिच्याकडे धावली, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. १० माणसं गेली, त्यांतली ७ मुलं. हा हल्ला योग्यच होता असं सैन्य आधी सांगत राहिलं. पत्रकारांनी खोलवर चौकशी केली, आणि १७ सप्टेंबरला सैन्यानं चूक कबूल केली, माफी मागितली. शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही.

आमच्या गटावरचे संदेश आणि तो ड्रोन यांची बरोबरी मी करत नाही. पण मुळाशी गोष्ट एकच दिसते. राग खरा होता, दुःखही खरं होतं. फक्त पत्ता चुकला.

पत्ता बरोबर शोधता येतो का? येतो, पण वेळ लागतो. तुमच्या आईबाबांना मुंबईवरचा २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला विचारा. तेव्हाही संताप होताच. आठवडाभरानं हजारो लोक मेणबत्त्या घेऊन गेटवे ऑफ इंडियापाशी जमले होते. मुंबईतल्या मुसलमानांच्या मोठ्या कब्रस्ताननं मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला नकार दिला. आणि जिवंत सापडलेल्या कसाबला? त्याला वकील देऊन, साक्षी-पुरावे तपासून, सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालवला गेला. चार वर्षं लागली. लोक कंटाळले, चिडले. पण शिक्षा झाली ती नेमकी त्यालाच झाली, दुसऱ्या कुणाला नाही. काबूलच्या हल्ल्यातल्या एका संशयितालाही मार्च २०२५ मध्ये, साडेतीन वर्षांनी, अमेरिकेत न्यायालयापुढे उभं केलं गेलं. ड्रोन तीन दिवसांत पोचला होता!

आणखी एक गंमत सांगते, गंमत कसली, शिकण्यासारखी गोष्ट. त्या संध्याकाळी साऱ्या जगाला सांगितलं गेलं की बॉम्ब दोन फुटले. दुसऱ्या दिवशी अमेरिकी सैन्यानंच खुलासा केला की स्फोट एकच होता. म्हणजे पहिल्या रात्री मोठमोठ्यांनाही सगळं ठाऊक नसतं. मग आपल्या हातातल्या मोबाइलला कुठून असणार?

तेव्हा मुलांनो, अशी बातमी पुन्हा येऊ नये असंच मी म्हणेन. पण आलीच, तर घरातली मोठी माणसं रागावतील, बोलतील. त्यांना बोलू द्या. तुम्ही संदेश पुढे पाठवायच्या आधी एक रात्र जाऊ द्या. शेजारी त्या गावचं, त्या देशाचं कुणी राहत असेल, तर ‘तुमच्या घरचे बरे आहेत ना?’ एवढं जाऊन विचारा. आणि बातमीत ‘सुमारे’ हा शब्द दिसला, की थोडं थांबून त्या शब्दामागे कोण कोण उभं आहे, असं घरात मोठ्यानं विचारा. उत्तर मिळेलच असं नाही. आमच्या त्या मुलीच्या वहीतही १७० पैकी चारच नावं आहेत.

पण चार आहेत.