डिस्क तपासू द्या

आमच्या शहापुरात महामार्गालगतच्या संगणक केंद्रात मी एमएस-सीआयटी शिकलो, तेव्हा दिवसातले कितीतरी तास लाइन नसायची. ती परत आली की विंडोज ९८ चे संगणक निळा पडदा दाखवत आणि स्कॅनडिस्कची पिवळी पट्टी हळूहळू पुढे सरके. संगणक नीट बंद झाला नाही, डिस्कमध्ये दोष असू शकतात, असा तो संदेश. आम्हा पोरांसाठी त्याचा अर्थ एवढाच होता, की मधे लाइन गेली होती. ती पट्टी संपेपर्यंत आम्ही बाहेर चहा पिऊन येत असू.

पुढे लॅपटॉप आला. त्याला स्वतःची बॅटरी, म्हणून लाइन गेली तरी तो चालूच. तरीही एका सकाळी काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली: डिस्क तपासायची आहे, टाळायची असेल तर ८ सेकंदांत कोणतीही कळ दाबा. ही शेवटची सोय विंडोजने द्यायलाच नको होती असं तेव्हा माझं मत होतं. घाईतल्या माणसाच्या हाताशी तिने टाळाटाळ आणून ठेवली.

आदल्या रात्री लॅपटॉप नीट बंद केला होता. दुसऱ्या दिवशी सूचना पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा मी तिच्या मुळाशी गेलो. फाइल-व्यवस्था म्हणजे डिस्कचा सातबारा: कोणती फाइल कुठे, किती जागेत. लिहिता लिहिता वीज गेली, तर नोंद अर्धवट राहते. फेरफार करून ती दुरुस्त होते, आणि विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्क मुख्यतः तेच काम करते. पण वैनगंगेने शेतच खरडून नेलं असेल, तर सातबारा कितीही नीट करा, पीक येत नाही. फिरत्या हार्डडिस्कच्या पृष्ठभागावरचे सेक्टर खराब होऊ लागले की तसं होतं. विंडोजच्या इव्हेंट नोंदींत ‘बॅड ब्लॉक’ दिसत होते, आणि डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी स्मार्ट नोंद ठेवते, तिच्यात बदलून घेतलेल्या सेक्टरांचा आकडा वाढत चालला होता.

त्या लॅपटॉपवर दिवाळीनंतरच्या मंडयांतली, म्हणजे गावजत्रांतली, दंडार होती, आमच्याकडचं लोकनाट्य. गावोगावी रात्रभर जागून मी केलेली ध्वनिमुद्रणं. त्यातले काही म्हातारे गाणारे तोवर गेले होते. अशा डिस्कवर आधी दुरुस्ती चालवायची नसते. पूर्ण पृष्ठभाग तपासणारी चेकडिस्क तासन्‌तास डिस्कला राबवते, आणि मोडकळीला आलेली डिस्क त्यातच बसू शकते. म्हणून आधी जे निघेल ते बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, तपासणी त्यानंतर. काही फाइली तिच्यातून ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात निघाल्या, नाव हरवून, नुसते क्रमांक लावून. एकेक लावून ऐकली. ढोलकीच्या हातावरून गाव ओळखलं, आवाजावरून माणूस. एक गाणं मधेच तुटतं, ते तसंच ठेवलं आहे.

२०१२ च्या विंडोज ८ पासून बरीचशी तपासणी काम चालू असतानाच होते आणि पुन्हा सुरू करताना फक्त सापडलेला दोष दुरुस्त होतो. हे चांगलं झालं. एसएसडीत तर फिरणारं काहीच नाही. पण जुनी डिस्क निदान कुरकुरायची, फाइल उघडायला वेळ लावायची. एसएसडी पुष्कळदा काहीच न सांगता एकदम थांबते. म्हणून तिच्या बाबतीत सूचना आली तर मला ती जास्तच मोलाची वाटते.

गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला पुतण्या परवा लॅपटॉप घेऊन आला. प्रोजेक्ट जमा करायचा होता आणि पडद्यावर तीच सूचना.

“काका, कळ दाबून पुढं जाऊ काय?”

“काल बॅटरी संपून बंद पडला होता काय?”

“नाही.”

“मग दाब. पण उघडल्याबरोबर प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घे. मग चेकडिस्क लावू, आणि ती स्मार्ट नोंद मला दाखव.”