कोयत्याची मूठ

गाण्याचा व्हिडिओ वाचायचाही असतो, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कळलं. तोवर मी तो नुसता बघायचे.

वर्गात मॅडमनी चाइल्डिश गॅम्बिनोचा 'धिस इज अमेरिका' लावला होता. २०१८चा, दिग्दर्शक हिरो मुराई. एका मोठ्या गोदामात गॅम्बिनो नाचत येतो, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात गोळी घालतो आणि परत नाचायला लागतो. संपल्यावर मॅडमनी विचारलं, "मागे काय चाललं होतं?" कुणालाच सांगता येईना. आम्ही सगळे नाच बघत होतो. दुसऱ्यांदा लावला तेव्हा मागची पळापळ दिसली, पांढऱ्या घोड्यावरचा स्वार दिसला. तिसऱ्यांदा ते लाल कापड दिसलं. गोळी झाडल्यावर एक मुलगा येतो आणि बंदूक लाल कापडात अलगद घेऊन जातो. मेलेल्या माणसाला मात्र फरफटत नेतात. जपायचं कशाला आणि फेकायचं कशाला, हे एकही शब्द न बोलता सांगून होतं.

मग चिन्हमीमांसा सुरू झाली. सोस्यूर म्हणतो, चिन्हाला दोन बाजू असतात. एक दिसणारं किंवा ऐकू येणारं रूप, दुसरी त्यातून मनात उमटणारी कल्पना. दोघांची गाठ निसर्गानं नाही, माणसांनी मारलेली असते. गोळी झाडताना गॅम्बिनो कमरेत वाकून उभा राहतो, ते मला नुसतं विचित्र वाटलं होतं. अनेक अमेरिकन प्रेक्षकांना त्यात 'जिम क्रो' दिसला. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करायचे, त्यातलं हे पात्र. चित्र एकच, पण ती गाठ माझ्याकडे नव्हती.

परीक्षेत मी हे सगळं छान लिहिलं.

त्याच वर्षी वर्गातल्या एका मित्राचं रॅप गाणं शूट करायचं ठरलं. कॅमेरा माझ्याकडे. त्याला हातात कोयता पाहिजे होता. पुण्यात कोयता म्हटलं की काय आठवतं, ते सांगायला नको. 'कोयता गँग' बातम्यांत सारखी असते. "तुझ्या घरी असेलच ना?" तो म्हणाला. होता. आमचं घर बीड जिल्ह्यात, आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात.

आमच्याकडे कोयता माणसं मोजायलाही वापरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. त्याच्या वहीत माझे आईवडील वर्षानुवर्षं एक कोयता आहेत.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आईकडे तिचा जुना कोयता मागितला.

"कशाला गं?"

"फोटोला."

तिनं लुगड्याच्या चिंधीत पातं नीट गुंडाळून दिलं. "बोट कापून घेशील," म्हणाली.

शूट रात्री झालं. लाल दिवा, धूर, मित्राच्या खांद्यावर कोयता. स्क्रीनवर तो मला ओळखूच येईना. फोकस मात्र मीच लावत होते. मधेच मी फक्त मुठीचा एक क्लोजअप घेतला. घामानं काळी पडलेली, एका बाजूनं झिजलेली मूठ. चार्ल्स पर्सच्या मांडणीत धूर हे आगीचं चिन्ह, कारण आगीमुळेच तो झालेला असतो. तशी ती झीज आईच्या तळहातामुळे झालेली.

एडिट करताना मित्र म्हणाला, "हा शॉट काढ, बीट पडतोय." मी काढला.

व्हिडिओ आला, लाइक्स आले. आईनं तो फडावरच्या कोपीत, वडिलांच्या मोबाइलवर बघितला. तिचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

"पोरगं चांगलं गातंय," ती म्हणाली. "पण कोयता धरता येत न्हाई त्याला. असा धरला तर दिवसभरात एक मोळी व्हायची न्हाई. आण त्याला फडावर, शिकविते."

मी हसले. फोन ठेवल्यावर काढलेला तो शॉट शोधला. फोल्डरमध्ये होता अजून.

आता कुठल्याही व्हिडिओत कुणाच्या हातात काही दिसलं, की आधी विचार येतो, ही वस्तू त्याच्या हातात येण्याआधी कुणाच्या हातात होती?