घर निघालंय... नट तपासलेत का?

ऑनसाइट आलेला मराठी माणूस ठराविक पायऱ्यांनी वर चढतो. आधी सेकंडहँड गाडी, मग टाउनहाउस, मग मागच्या अंगणात बार्बेक्यू. शिकागोच्या सबर्बमध्ये हे सगळं करून झाल्यावर आम्ही आणखी एक पायरी चढलो. ट्रॅव्हल ट्रेलर घेतला!

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप ट्रकला मागून जोडायचं, चाकांवरचं घर. बेड, किचन, फ्रिज, एसी, टॉयलेट, सगळं आत. फक्त इंजिन नाही. (इंजिनवालं असतं ते मोटरहोम.) वीकएंड आला की घर गाडीला अडकवायचं आणि सुटायचं, असा आमचा फंडा होता. म्हणजे, माझा होता. बायकोचं म्हणणं होतं, "एवढ्या पैशात आपण दहा वर्षं हॉटेलात राहू रे!"

तिला पटवायला माझ्याकडे एकच मुद्दा होता. आई आणि अण्णा तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. अण्णांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं काढलेली. इथे त्यांना करायला काहीच नव्हतं. गाडीचं काम गॅरेजवाला करणार, नळाचं प्लंबर करणार, पायी हिंडावं तर फुटपाथ कोपऱ्यावर संपणार. दिवसभर खिडकीशी बसायचे आणि सोमवारी कचऱ्याचा ट्रक आला की त्याचा हायड्रॉलिक हात बघायला बाहेर जायचे. "परत कधी जायचंय आपल्याला?" हा प्रश्न दुसऱ्याच महिन्यात सुरू झाला होता. त्यांना जरा हिंडवून आणू, असं म्हणत मी चेकवर सही केली.

चाळीस मिनिटांचा डेमो

ट्रेलर घ्यायला आम्ही इंडियाना राज्यातल्या एल्खार्टला गेलो. अमेरिकेत बनणाऱ्या ट्रेलर आणि मोटरहोमपैकी बहुतेक या गावाच्या आसपासच्या कारखान्यांतून बाहेर पडतात. या गाड्यांचं एक म्युझियमसुद्धा इथे आहे. २००९ च्या मंदीत इथली बेकारी इतकी वाढली होती, की ओबामा अध्यक्ष झाल्यावर महिनाभराच्या आत इथे येऊन गेले होते. आणखी एक गंमत. या कारखान्यांत काम करणाऱ्यांमध्ये आमिश लोक बरेच आहेत. स्वतः मोटार न बाळगणारे, घोड्याच्या बग्गीतून फिरणारे हे लोक दुसऱ्यांसाठी चाकांवरची घरं बांधतात!

डीलरकडच्या माणसानं आमचा डेमो चाळीस मिनिटांत उरकला. मी सगळीकडे "येस, येस" करत मान डोलावली. निम्मं डोक्यावरून गेलं, पण अण्णांसमोर विचारायची लाज वाटली. ही माझी पहिली चूक. ही चूक तुम्ही करू नका. डेमोचा पूर्ण व्हिडिओ काढा. एसी, फ्रिज, गीझर, शेगडी, प्रत्येक नळ, प्रत्येक दिवा आपल्यासमोर चालू करून दाखवायला लावा. आणि मगच सही करा.

कारण नवा ट्रेलर म्हणजे शोरूममधली नवी कार नव्हे. लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, स्टेपल, स्क्रू, प्लॅस्टिकचे पाइप, आणि बरीचशी जोडणी हातानं केलेली. असं घर रस्त्यावर धावतं तेव्हा त्याला प्रत्येक ट्रिपला छोटा भूकंपच सोसावा लागतो. जे ढिलं आहे ते पहिल्या काही ट्रिपांमध्ये बाहेर येतं. म्हणून अनुभवी लोक पहिली ट्रिप घराजवळच करतात. तिला म्हणतात 'शेकडाउन ट्रिप'. मजा करायला नाही, चुका शोधायला जायचं!

माझ्या डोक्यात पहिल्या ट्रिपला थेट यलोस्टोन होतं. अण्णांनी एका वाक्यात निकाल लावला. "दुरुस्तीची गाडी आम्ही आधी डेपोच्या आसपासच फिरवायचो." मग ठरलं, परतीच्या वाटेवर साठ मैलांवरचे इंडियाना ड्यून्स. तीन रात्री.

टोल रोडवरचा थांबा

निघताना अण्णा ट्रेलरच्या मागे जाऊन उभे राहिले आणि डेपोत ओरडतात तसे ओरडायला लागले. "ब्रेक दाब! डावा दे! उजवा!" हुकची पिन लागली का, सेफ्टी चेन खालून एकमेकींना ओलांडून अडकवल्या का, ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी ती बारीक केबल ट्रकला जोडली का, सगळं त्यांनी हात लावून बघितलं. आईनं पिठाचे डबे आणि कुकर मागच्या कपाटात ठेवले होते, ते पुढे घ्यायला लावले. तेही बरोबरच. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर यायला हवा. मागे वजन जास्त झालं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो.

साउथ बेंड मागे टाकल्यावर टोल रोडवरच्या पहिल्या थांब्याला आम्ही कॉफी घ्यायला उतरलो. अण्णा कॉफीला आलेच नाहीत. बाहेर आलो तर ते वाकून प्रत्येक चाकाच्या मधोमध पालथा हात टेकवून बघत होते.

"गरम झालंय का बघतोय. बेअरिंग धरलं की आधी इथं कळतं. टॉर्कचा पाना आहे का तुझ्याकडे?"

होता. खोक्यातून काढलेलाच नव्हता! मॅन्युअलमधला आकडा बघून पाना लावला आणि माझ्या पोटात गोळा आला. उजव्या बाजूच्या मागच्या चाकाचे तीन नट अर्धा-अर्धा फेरा फिरले. ताशी ६० मैलांनी आम्ही त्या चाकावर इथवर आलो होतो. मागच्या सीटवर आई होती.

अण्णा रागावले नाहीत. "नवीन चाक बसतं, मग नट ढिले होतात. एकदा आवळून भागत नाही," एवढंच म्हणाले आणि समोरासमोरचे नट आलटूनपालटून कसे आवळायचे ते दाखवलं. नंतर मॅन्युअल नीट वाचलं, तर तिथे हेच लिहिलेलं होतं. चाक नवं असेल किंवा काढून बसवलं असेल, तर १०, २५ आणि ५० मैलांवर नट पुन्हा तपासा. पन्नास मैल झाल्यावर रस्त्याकडेच्या एका पेट्रोल पंपावर आम्ही पुन्हा थांबलो. तेव्हा एकही नट हलला नाही. बायकोनं पर्समधली डायरी काढली आणि वर लिहिलं, 'जॉब कार्ड'. पहिली ओळ: नट.

वाळूचे डोंगर आणि थंड पाणी

या वाटेवर एक बोनस मिळतो. एल्खार्टहून पश्चिमेला येताना टाइम झोन बदलतो आणि घड्याळ एक तास मागे जातं. नवख्या माणसाला ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावायला हा तास लागतोच. टिप घ्या: स्टिअरिंगला खालच्या बाजूला हात धरा. ट्रेलरची मागची बाजू जिकडे न्यायची, हात तिकडेच फिरवा. डोक्याचा गोंधळ बंद!

इंडियाना ड्यून्स हा मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा. एका बाजूला स्टीलचे कारखाने, दुसरीकडे जंगल आणि मधे ही वाळू. २०१९ मध्ये याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. शेजारीच त्याच नावाचं स्टेट पार्क आहे. तिथली माउंट टॉम ही टेकडी १९२ फूट उंच. ऐकायला किरकोळ वाटते, चढताना पाय वाळूत रुततात तेव्हा सज्जनगड आठवतो.

पण टेकडी दुसऱ्या दिवशी. पहिली संध्याकाळ गेली गीझरमध्ये.

कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याचं कनेक्शन होतं. आधी चाकांना उट्या लावल्या, मगच ट्रक सोडवला. क्रम महत्त्वाचा! पाणी जोडलं, पण गरम नळालाही थंडच पाणी. मी गीझरच्या विजेच्या बटणाकडे हात नेला तोच मागून आवाज आला, "टाकीत पाणी गेलंय का बघितलंस?"

नव्हतं गेलं. हिवाळ्यात पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत अँटिफ्रीझ भरतात आणि ते गीझरमध्ये जाऊ नये म्हणून बायपासचा कॉक फिरवून ठेवतात. आमचा कॉक तसाच राहिला होता. गीझर कोरडा आणि बटण चालू, म्हणजे कॉइल काही क्षणांत जळालीच असती. कॉक फिरवला, गरम नळ सोडून ठेवला, फुसफुस थांबून सलग धार लागली, आणि मग बटण.

पाणी तापलं तसा अंधार झाला. ट्रिप! एसी चालू, गीझर चालू, आणि आईनं मायक्रोवेव्हमध्ये भात गरम करायला ठेवलेला. आमच्या ट्रेलरला ३० अँपिअर मिळतात. अमेरिकेत व्होल्टेज १२०, म्हणजे सगळं मिळून ३६०० वॅट. आपल्याकडच्या गीझरच्या एका सॉकेटवर जेवढं चालतं, जवळपास तेवढ्यात इथे अख्खं घर चालवायचं! एसीला साधारण दीड हजार, गीझरला चौदाशेच्या आसपास, त्यावर मायक्रोवेव्ह. हिशेब सरळ आहे. गीझर गॅसवर घ्या, विजेवर एका वेळी एकच मोठी वस्तू.

गॅसचं डिपार्टमेंट आईनं सांभाळलं. साबणाचं पाणी लावून जोड तपासले, बुडबुडे नाहीत म्हटल्यावरच शेगडी पेटवली. ती पेटेना. दोन कारणं असतात. नळीत हवा असते, ती निघेपर्यंत बर्नर थोड्या थोड्या वेळानं पेटवून बघावा लागतो. आणि सिलिंडरची चावी झटक्यात उघडली तर आतली सुरक्षा झडप गॅस अडवते. बंद करून हळूहळू उघडली, आणि निळी ज्योत आली. रात्री नऊला पिठलं-भात!

रात्रीचा पाऊस

दुसऱ्या दिवशी सगळे माउंट टॉमवर चढले. अण्णासुद्धा. संध्याकाळी बीचवर गेलो, तर स्वच्छ हवेत पाण्यापलीकडे शिकागोच्या इमारती टाचणीएवढ्या दिसत होत्या. "आपलं घर तिकडे आणि आपलं घर इकडे," बायको म्हणाली. हॉटेलचा विषय तिनं काढला नाही.

रात्री दोनला सरोवरावरून वादळी पाऊस आला. बाथरूमच्या व्हेंटशेजारी छताला ओला डाग. सातारकरांना गळती नवीन नाही. सकाळी शिडी लावून वर बघितलं, तर व्हेंटभोवतीच्या सीलंटला बारीक चीर. "मे महिन्यात गच्ची बघून ठेवायची ती याचसाठी," अण्णा म्हणाले. ट्रेलरचा खरा शत्रू हाच. चाक बदलता येतं, पण भिंतीत शिरलेलं पाणी आतलं लाकूड कुजवतं आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मी लगेच सीलंट काढायला निघालो होतो. बायकोनं थांबवलं. "वॉरंटी आहे ना? आधी फोटो, मग डीलरला मेल, मग हात." डीलरचं उत्तर येईपर्यंत छताला चालणारी टेप लावली. सिंकखाली ठिबकणारा जोड अण्णांनी बोटांनीच आवळला. "प्लॅस्टिकला पाना लावायचा नाही. चिरतं."

जॉब कार्डावर अकरा ओळी झाल्या. सात आम्ही तिथेच मिटवल्या, चार डीलरच्या गळ्यात घातल्या. घरी पोचल्यावर अण्णा हात धुऊन खिडकीशी बसले. मी मनात म्हटलं, आता येणार नेहमीचा प्रश्न.

"पुढच्या शनिवारी कुठं?" त्यांनी विचारलं.

अण्णांना साताऱ्याला परतून आता बरेच महिने झालेत. ऑक्टोबरमध्ये पाइपात गुलाबी अँटिफ्रीझ भरलं ते व्हिडिओ कॉलवर, त्यांच्या नजरेखाली. आणि दर ट्रिपला, कुठे चाललोय हे विचारायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "नट आवळलेस का?"

नव्या ट्रेलरवाल्यांचं जॉब कार्ड

* टायरची हवा निघण्याआधी, टायर थंड असताना तपासा. ट्रेलरच्या बऱ्याच टायरना ताशी ६५ मैलांची मर्यादा असते.
* टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. ट्रेलर नवा असला तरी बघा.
* कॅम्पग्राउंडच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा. ४० ते ५० पीएसआय पुरे.
* विजेच्या खांबाला थेट जोडू नका, मधे सर्ज प्रोटेक्टर हवा.
* पिण्याच्या पाण्याची टाकी पहिल्यांदा ब्लीचनं निर्जंतुक करा. १५ गॅलनला पाव कप, काही तास ठेवून वास जाईपर्यंत धुवा.
* टॉयलेटच्या टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामभर बंदच ठेवा आणि फ्लश करताना पाणी सढळ वापरा. व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि बाकीचं मागे राहतं! टाकी भरत आली की एकदम रिकामी करा.
* कोपऱ्यांतले जॅक घर हलू नये म्हणून असतात, घर उचलायला नाही. लेव्हल चाकांखाली फळ्या घालून करा.
* छताचं सीलंट दर तीन महिन्यांनी बघा. घरगुती सिलिकॉन नको, छताच्या मटेरियलला चालेल तेच घ्या.
* पहिली ट्रिप घराजवळ. दोन-तीन रात्री. सोबत डायरी, आणि जमलं तर एक निवृत्त मेकॅनिक!