सासुरवाडीची वाट

१९७८ च्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब बडोद्याहून मांद्र्यास निघालो. सौभाग्यवती पाच वर्षांनी माहेरी जात होती. म्हापशाला उतरलो, ट्रंक मात्र बसच्या टपावरून थेट पणजीस गेली! ती हाती येईतो दिवस कलला. शिवोलीस फेरीबोट बंद पडलेली. निरुपायाने होडीत बसलो. चढताना धाकट्याने एक बूट शापोरा नदीस अर्पण केला, आणि सासऱ्यांसाठी आणलेला लिलो चिवडा खाऱ्या पाण्यात न्हाला.

पलीकडे चोपड्याच्या धक्क्यावर कंदील दिसला. सत्तरीचे सासरे दुपारपासून उपाशीच बसले होते. आमच्या तक्रारी ओठांवर होत्या, पण "आयलात?" एवढेच म्हणून त्यांनी धाकट्याला खांद्यावर घेतले. तो चिवडा त्यांनी उन्हात वाळविला आणि "मीठ बेताचेच आहे" म्हणत चार दिवस खाल्ला.

त्याच पावसाळ्यात ते गेले.

१९९८ पासून कोकण रेल्वेने पेडण्यास उतरले की नदी न ओलांडताच मांद्रे गाठता येते. सौभाग्यवती मात्र थिवीसच उतरण्याचा हट्ट धरते. शापोऱ्यावर आता पूल आहे. त्यावर ती गाडी हळू करविते, आणि चोपड्याच्या काठाकडे पाहत राहते.