राजाने दिलेली लोकशाही

नेपाळचा विषय निघाला की आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "राजाच बरा होता राव!" सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुण पोरं रस्त्यावर आली, संसद भवन पेटलं, पंतप्रधान ओलींना जावं लागलं, तेव्हा तर हे वाक्य फारच ऐकलं. म्हटलं, एकदा हिशोब मांडूनच बघू.

नेपाळात १९५१ मध्ये राणांची सत्ता गेली आणि १९५९ मध्ये पहिली निवडणूक झाली. बी. पी. कोईरालांच्या नेपाळी काँग्रेसला १०९ पैकी ७४ जागा, म्हणजे दणदणीत बहुमत. तरी डिसेंबर १९६० मध्ये राजे महेंद्र यांनी सरकार बरखास्त करून पंतप्रधानांनाच तुरुंगात टाकलं! पुढची तीस वर्षं पक्षांवर बंदी. १९९० च्या आंदोलनानंतर पक्ष परत आले, तर २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता पुन्हा हातात घेतली. शेवटी २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाहीच संपवली. शेजारच्या भूतानमध्ये त्याच वर्षी उलटा प्रकार. तिथे राजानेच निवडणुका घ्यायला लावल्या, आणि लोक मात्र कुरकुरत होते की आम्हाला राजाच हवा.

आपल्याकडे असा राजा झाला का? झाला की! साताऱ्याकडचं औंध संस्थान, ७२ गावांचं. सूर्यनमस्कारवाले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिला गांधीजींचा सल्ला होता, आणि आराखडा बनवण्यात मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर होता. (आपल्या जातकुळीचा माणूस, म्हणून खास उल्लेख!) गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती, आणि त्यावर विधिमंडळ. म्हणजे इमारत पायापासून वर. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैद्यांची वसाहत सुरू झाली. 'दो आँखें बारह हाथ'चं मूळ तेच. गंमत म्हणजे राजांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत पुढे १९५५ ते १९६१ या काळात भारताचे राजकीय अधिकारी म्हणून गंगटोकला होते, आणि भूतानचं कामही त्यांच्याकडेच होतं.

पण प्रत्येक संस्थान औंध नव्हतं. मी कळवणचा. आमच्या पश्चिमेला सुरगाणा, तेही संस्थानच. कळवण इंग्रजांच्या नाशिक जिल्ह्यात, आणि शेजारी देशमुखांचं राज्य. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तिथली प्रजा एका सहीने नागरिक झाली. आंदोलन नाही, राजाची देणगीही नाही. मताचा हक्क मिळाला. पण पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या वनजमिनीचा कागद? त्यासाठीचा वनहक्क कायदाच मुळी २००६ चा, आणि त्यानंतरही दावे वर्षानुवर्षं पडून.

म्हणून ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून मुंबईला किसान लाँग मार्च निघाला. साधारण १८० किलोमीटर, भर उन्हात. त्यात सुरगाण्याचे, कळवणचे, दिंडोरीचे आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. पायांना फोड, चपला फाटलेल्या. कळवणचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित मोर्चाच्या नेत्यांत होते. दहावीची परीक्षा होती, पोरांची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा हे लोक रात्रीच चालून पहाटे आझाद मैदानात पोचले. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. ते पुरतं पाळलं गेलं नाही, म्हणून पुन्हा मोर्चे निघाले, हेही खरं.

तर "राजाच बरा" म्हणणाऱ्या मित्रांना माझं एवढंच सांगणं आहे. चांगला राजा मिळणं हे नशीब. औंधला भवानराव मिळाले, नेपाळला महेंद्र. आणि राजाने दिलेलं राजा परत घेऊ शकतो, हे नेपाळने दोनदा बघितलंय. सुरगाण्याच्या माणसाचा कागद अजून अडकलेला असेल, पण तो मागायला तो थेट मुंबईत येऊन बसू शकतो आणि मंत्र्यांना त्याच्याशी बोलावं लागतं. त्याच्या आजोबाला देशमुखांच्या दारात हे जमलं असतं?

विचार करा, आणि सोमवारी ऑफिसात बोलूच.