खबर देणारा

न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी नावाचं गाव आहे. तिथल्या दफनभूमीत आनंदीबाई जोशींच्या नावाचा दगड आहे. अमेरिकेत आलेली काही मराठी मंडळी मुद्दाम वाट वाकडी करून तिथं जातात, आणि परत आल्यावर त्यांतलं कुणीतरी मला फोन करून विचारतं, "तिथल्या काउंटीतून बाईंचा मृत्यूचा दाखला काढून द्याल का हो?" नाही देता येणार. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी पती गोपाळरावांनी, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावल्या. दगड अमेरिकेत आहे, मृत्यू पुण्यात झाला. कागद मृत्यूच्या मागं जातो, दगडाच्या नाही. आणि समजा त्या पकिप्सीतच गेल्या असत्या, तरी काउंटीकडे जाऊन उपयोग नव्हता. न्यूयॉर्क राज्यात मृत्युनोंद शहराच्या किंवा टाउनच्या निबंधकाकडे असते.

मी शिकागोजवळ राहते आणि लोकांना त्यांच्या पूर्वजांचे कागद शोधून देते. गिऱ्हाइकं बहुतेक जर्मन, पोलिश, आयरिश वंशाची. पण अलीकडे मराठी फोन वाढलेत. साठ-सत्तरच्या दशकात आलेली डॉक्टर-इंजिनियरांची पिढी आता जाऊ लागलीय. तिकडे सातारा-सांगलीला सातबाऱ्यावर त्यांची नावं तशीच आहेत, आणि वारसनोंद लावायची तर तलाठ्याला दाखला हवा असतो.

अशा वेळी माझा पहिला प्रश्न एकच असतो: काउंटी कोणती? पलीकडून उत्तर येतं, "शिकागो." शिकागो हे उत्तर नाही. आपला जिल्हा आणि तालुका यांच्या मधलं काहीतरी म्हणजे काउंटी. एकट्या इलिनॉयमध्ये अशा १०२ आहेत, देशात तीन हजारांच्या वर. शिकागो शहर जवळजवळ सगळं कुक काउंटीत येतं, पण मराठी माणसं राहतात उपनगरांत. नेपरव्हिल हे गाव दोन काउंट्यांत वाटलं गेलंय, आणि ऑरोरा, जिथं बालाजीचं देऊळ आहे, ते चार काउंट्यांत. त्यातून माणूस राहतो एकीकडे, शेवटची रुग्णवाहिका त्याला नेते दुसरीकडे, दहन होतं तिसरीकडे. नोंद मधल्या ठिकाणी. पत्ता नेपरव्हिलचा म्हणून लोक तिथल्या काउंटीला अर्ज धाडतात, शोधाची फी भरतात आणि 'नोंद आढळली नाही' असं पत्र येतं. त्या पत्राचा अर्थ फार थोड्यांना कळतो. दिलेल्या नावानं, दिलेल्या वर्षांत, आमच्या दप्तरात सापडलं नाही, इतकंच ते सांगतं. माणूस गेलाच नाही असं ते म्हणत नाही, आणि गेल्याचं कुणी लपवलंय असंही नाही. मागं एका गृहस्थांनी या पत्राच्या जोरावर भावजयीवर संशय घेतला होता. भावाचा दाखला शेजारच्या काउंटीत निघाला. तोवर दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं.

काउंटी बरोबर असली तरी नावाचं उरतंच. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं आणि मग आडनाव. इथल्या सूचीत आधी आडनाव. वडिलांचं नाव मधलं नाव होऊन बसतं, कधी त्याचं एकच अक्षर उरतं, आणि कधी कारकुनाच्या हातून वडीलच आडनाव होतात. मग 'वसंतराव' आडनावाचा एक गृहस्थ दप्तरात तयार होतो आणि त्याचे नातलग त्याला वर्षानुवर्षं कुलकर्ण्यांत शोधत राहतात.

स्पेलिंगचा घोळ आणखी वेगळा. त्यावर अमेरिकेनं शंभर वर्षांपूर्वी एक युक्ती काढली, साउंडेक्स. रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा आणि तीन आकड्यांवर थांबायचं. जोशी कसंही लिहा, एक ई, दोन ई, आय, मधला एच असो-नसो, संकेत जे-२०० च येतो. मराठी कानाला हे लगेच पटतं. पण खोट पहिल्याच अक्षरात आहे. कुलकर्णी 'के' नं लिहिला तर के-४२६, एखाद्यानं 'सी' नं लिहिला तर सी-४२६, म्हणजे वेगळाच कप्पा. वैद्यांचं 'व्ही' आणि 'डब्ल्यू' त तसंच. म्हणून अर्जात मी एक नाव कधीच देत नाही. सुचतील तितकी सगळी स्पेलिंगं देते, आणि नक्की तारखेऐवजी आधी-नंतरचं एकेक वर्ष धरून काळ देते. कुटुंबाला तिथी पक्की आठवते, इंग्रजी तारीख नाही. श्राद्ध दरवर्षी होत असतं, साल मात्र कुणाला सांगता येत नाही.

तारीख काढायला सामाजिक सुरक्षा खात्याची मृत्युसूची उपयोगी पडते. त्यात बहुतेक नोंदी १९६२ नंतरच्या. नोकरी केलेला माणूस तिथं सापडू शकतो. पण मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, इथंच गेलेले, त्यात नसतात, कारण त्यांना सामाजिक सुरक्षा क्रमांकच कधी मिळालेला नसतो. त्यांची अमेरिकेतली नोंद म्हणजे काउंटीतला तो एक कागद. भारतीय नागरिक असले तर वकिलातीतही मृत्यू नोंदवता येतो. आपल्या १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात, विसाव्या कलमात, त्याची सोय आहे. त्या घाईत ते कुणी करत नाही.

जुनं शोधणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो जळलं, त्यात काउंटीचं कोर्टही गेलं. त्याआधीचं मृत्यूचं दप्तर मागू नका. राज्यभराची नोंदणी १९१६ पासूनची.

नकलेचेही प्रकार आहेत, आणि लोक हमखास चुकीचा मागतात. इलिनॉयमध्ये वीस वर्षांहून जुना मृत्यू वंशावळीसाठी खुला होतो. कुणीही मागू शकतं, पण त्या प्रतीवर 'केवळ वंशावळीसाठी' असा शिक्का असतो. कॅलिफोर्नियात परक्याला मिळणाऱ्या प्रतीवर 'ओळख सिद्ध करण्यास ग्राह्य नाही' अशा अर्थाचं ठळक छापलेलं असतं. वाचायला दोन्ही उत्तम, तलाठ्यापुढे ठेवायला निरुपयोगी. वारसनोंदीसाठी प्रमाणित नक्कल हवी, ती नात्याचा पुरावा आणि स्वतःचं ओळखपत्र जोडूनच मिळते. मग तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे ती परदेशात ग्राह्य ठरवणारं प्रमाणपत्र. ते काउंटी देत नाही, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय देतं, आणि ज्या राज्याचा दाखला त्याच राज्याचं. टेक्ससचा दाखला इलिनॉयमध्ये घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. अमेरिका अपोस्टिलच्या हेग कराराखाली १९८१ पासून आहे, भारत २००५ पासून. अपोस्टिल लावलेल्या नकलेचं लॅमिनेशन करू नका. हे दरवेळी सांगते आणि दरवेळी कुणीतरी करतंच.

नक्कल हातात आली की लोक मृत्यूचं कारण बघतात. मी आधी खालचा एक रकाना बघते. आपल्या गावच्या कोतवाल बुकात असायचा तसाच: खबर देणारा कोण?

कारण दाखल्यात दोन माणसं असतात. गेलेला आणि सांगणारा. मृत्यूची तारीख, वेळ, कारण हे डॉक्टर लिहितो, किंवा मृत्यू अचानक असेल तर कॉरोनर. ते बहुधा भरवशाचं. जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव, आईचं लग्नाआधीचं नाव हे सगळं मात्र अंत्यविधीगृहाच्या खोलीत, रात्रभर जागलेल्या मुलानं किंवा सुनेनं सांगितलेलं असतं. समोरचा माणूस सौम्य आवाजात विचारत जातो आणि टाईप करत जातो. सत्तर वर्षांपूर्वीच्या जन्माचा साक्षीदार तिथं कुणी नसतो. म्हणून दाखला मरणाबद्दल विश्वासानं वाचावा आणि जन्माबद्दल ऐकीव म्हणून. एकाच कागदावर, एकाच सहीखाली, दोन वेगळ्या वजनाच्या गोष्टी असतात.

मराठी दाखल्यांत सगळ्यांत जास्त चुका आईच्या लग्नाआधीच्या नावात सापडतात. आपल्याकडे बाईचं लग्नात आडनाव बदलायचं, पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदलायचं. नातवंडांना ती 'आजी', शेजाऱ्यांना 'काकू', रेशनकार्डावर तिसरंच. अमेरिकन फॉर्म विचारतो ती बाई कुणालाच ठाऊक नसते. मी पाहिलेल्या दाखल्यांत त्या जागी सासरचं आडनाव आहे, गावाचं नाव आहे, आणि एका ठिकाणी नुसतंच 'गंगाभागीरथी'.

हसू नये, कारण मीही यातलीच. माझे वडील आमच्याकडे आले असताना इथल्या इस्पितळात गेले. खबर देणारी मी. वीस वर्षं दुसऱ्यांचे दाखले तपासणारी बाई त्या खोलीत बसली होती. आजीचं माहेर विचारलं तेव्हा मी न अडखळता 'कुलकर्णी' सांगितलं. तिच्या भावांना सगळा गाव कुलकर्णीच म्हणायचा. दोन महिन्यांनी आत्याशी बोलताना ती म्हणाली, "अगं, कुलकर्णीपण वतनाचं. आडनाव पाठक. दादाला माहीत होतं की."

दुरुस्तीचा अर्ज असतो. प्रतिज्ञापत्र आणि लेखी पुरावा द्यावा लागतो. पुरावा कशाचा, तर एका बाईचं लग्नाआधीचं आडनाव काय होतं याचा. तिच्या जन्माची नोंद नाही, शाळा नाही. मी आत्याचं नाव पुढं केलं, तर काउंटीतल्या कारकून बाईंनी शांतपणे विचारलं, "त्यांचा जन्म तुमच्या आजीच्या आधीचा आहे का?" प्रश्न बिनतोड होता. मी स्वतः गिऱ्हाइकांना तोच विचारते.

आता एकच जागा उरली आहे. आजीचे वडील आपल्या भावांबरोबर एकदा नाशिकला गेले होते, असं आत्याला आठवतं. तिथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या यजमानांची नावं, कुटुंब, सही असते. पुष्कळ जुनं मोडीत. जानेवारीत जाणार आहे, म्हणून आधी तिथल्या एका उपाध्यायांना फोन केला. आडनाव पाठक, व्यवहारात कुलकर्णी, साल बहुधा १९३० च्या आसपास, अशी माझी नेहमीची तयारी करून बसले होते.

त्यांनी ते काही ऐकून घेतलं नाही. म्हणाले, "आडनाव राहू द्या ताई. मूळ गाव कोणतं?"